मंडईची अट

निवृत्तीच्या निरोपाला एका वकिलाने भाषणात सांगितलं की साहेबांनी आयुष्यभर माणसं जोडली. टाळ्या पडल्या. मी मान खाली घालून बसलो होतो आणि लोकांना तो माझा विनय वाटला. मला मात्र गोंदिया जिल्ह्यातली एक बाई आठवत होती. तिला मी असं काही जोडलं होतं की ती कायमची तुटली.

जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, त्यानंतरच्या वर्षांत माझी तिथल्या एका तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश म्हणून बदली झाली. कोर्ट म्हणजे गळक्या छपराखालचे दोन हॉल. वकील आपसात हिंदीत बोलत आणि साक्षीदार झाडीबोलीत. मी अमरावतीकडचा, पण महिन्याभरात सगळं कळायला लागलं. कळत नव्हतं ते एवढंच की वरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात 'न्याय' हा शब्द एकदा आणि 'निकाली' हा शब्द दहादा का असतो.

लोकअदालत हा त्यावरचा उतारा होता. दोन्ही बाजूंना समोर बसवायचं, समजूत घालायची, तडजोडीवर सह्या घ्यायच्या, की प्रकरण संपलं. त्या निवाड्यावर अपीलसुद्धा नाही. मला हे काम फार छान जमायचं. आवाज खाली आणून बोलायचं, चहा मागवायचा, म्हाताऱ्याला बाबा आणि बाईला ताई म्हणायचं. जिल्ह्यात सर्वात जास्त तडजोडी माझ्या कोर्टात होत आणि त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र मी घरात दर्शनी भिंतीवर लावलं होतं.

ती बाई तिशीची, विधवा, मूलबाळ नाही. सासरी दिराच्या घरी मागच्या पडवीत राहायची. बाप मेल्यावर धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या भातशेतांमध्ये, तिचा निम्मा हिस्सा होता. भाऊ देत नव्हता म्हणून तिने वाटणीचा दावा लावला होता. दावा तिच्या बाजूने स्वच्छ होता. मी नुसता चालवला असता तरी ती जिंकली असती.

पण लोकअदालतीत ती माझ्यासमोर बसली आणि रडायला लागली. भावाने निरोप पाठवला होता, हिस्सा घेतलास तर पुन्हा उंबरा चढू नकोस. तिला बांध्या हव्या होत्या, पण त्याहून जास्त भीती माहेर तुटण्याची होती. मला वाटलं, सापडली दुखरी जागा. आज हे लिहिताना लाज वाटते, तेव्हा वाटली नव्हती. माझ्या स्वतःच्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली, तेव्हा मी तिला पैठणी घेतली होती आणि वर्षभर त्या पैठणीचं कौतुक सांगत फिरलो होतो.

दिवाळी झाली की या भागात गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक किंवा दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. गावच्या लेकींना भाऊ जाऊन घेऊन येतात. ज्या लेकीला मंडईला कोणी आणायला आलं नाही, तिचं माहेर संपलं हे शेजारणींना सांगावं लागत नाही. हे मला ठाऊक होतं. म्हणून मी भावाला विचारलं, बांध्या तुझ्याकडे राहिल्या तर हिला दरसाल मंडईला नेशील का? तो लगेच हो म्हणाला. बांध्या फुकटात राहत असतील तर कोण नाही म्हणेल?

मग मी स्वतः तडजोडीत अट सांगून लिहून घेतली. वादी आपला हिस्सा सोडत आहे. प्रतिवादी दरवर्षी मंडईला वादीला सासरहून आणेल, चार दिवस ठेवेल आणि लुगडं-चोळी करून पोचवून देईल. लोकअदालतीच्या पॅनेलवर माझ्यासोबत बसलेले वकील गालात हसले. तिने मला विचारलं, "साहेब, हे कागदावर पक्कं हाये ना जी?" मी म्हणालो, "कोर्टाचा कागद आहे, ताई." तिने सही केली. स्थानिक वार्ताहराने फोटो काढला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फक्त हात माझा आणि अवलक्षण तिचं.

पहिल्या वर्षी भाऊ मोटारसायकल घेऊन गेला आणि तिला घेऊन आला. दुसऱ्या वर्षी गेला नाही. तिसऱ्या वर्षीही नाही. तेव्हा तिने माझ्याच कोर्टात दरखास्त लावली, निवाड्याची अंमलबजावणी करून द्या म्हणून. कारकुनापासून बेलिफापर्यंत सगळे त्या कागदावर हसले. बेलिफ जप्ती कशाची आणणार, भावाच्या प्रेमाची?

भावाचा वकील दोन मिनिटं बोलला. ही अट कायद्याने अमलात आणता येत नाही, एवढंच. बरोबर होतं. मलाही ते लिहिताना ठाऊक होतं, पण तेव्हा आकडा वाढवायचा होता. मी तोंड वर न करता दरखास्त फेटाळली.

ती कठड्यापाशी उभीच राहिली. म्हणाली, "मंग माह्या बांध्या वापस करा."

मी सांगितलं की ते आता होत नाही. हिस्सा सोडल्याची अट पक्की आहे.

"त्याची अट पक्की अन् माही कच्ची? काऊन जी? दोन्ही त तुमीच लिवल्या होत्या."

मी पुढचं प्रकरण पुकारायला सांगितलं.

वर्षभरात माझी बदली झाली, बढत्या मिळाल्या. निवृत्तीनंतर, दोन हजार दहा उलटून गेल्यावर, कायदेविषयक शिबिरांना पाहुणा म्हणून जाऊ लागलो. त्यातलं एक शिबिर त्याच गोंदिया जिल्ह्यात, सडक अर्जुनीच्या बाजूच्या एका गावात होतं. विषय, महिलांचे मालमत्तेतील हक्क. ते तिचं सासर आहे हे मला मांडवात गेल्यावर कळलं, कारण ती दुसऱ्या रांगेत बसली होती. केस पिकले होते. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात कागद.

मी तासभर बोललो. प्रश्न विचारा म्हटल्यावर ती उठली. मला वाटलं, भांडेल. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही, बायांकडे वळली.

"मी आता मंडईले एकटीच जातो. बाजारात फिरतो, भावाच्या गल्लीत जात नाही, संध्याकाळच्या गाडीनं वापस येतो. बायांनो, साहेब चाय पाजून मायेर देतो म्हणला त सही करू नोका. बांधी घ्या."

ती बसली. आयोजक गडबडले, मग कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. माझ्या तासाभराच्या भाषणात जे नव्हतं ते तिने चार वाक्यांत सांगितलं होतं, आणि तो साहेब मीच, हे उठून सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. माझ्या हातात माईक होता. मी सर्वांचे आभार मानले.

जेवणानंतर शिबिराचा अहवाल माझ्यासमोर आला. त्यात लिहिलं होतं की मान्यवरांच्या मार्गदर्शनाला महिलांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला. मी वाचलं आणि खाली सही केली.