गुरुलिंगप्पांची मुकी गिरणी

माकणीच्या अलीकडं एका वाडीत गुरुलिंगप्पांची पिठाची गिरणी आहे. दिवसा लाइटीचा भरवसा नाही, म्हणून ती जन्मभर डिझेलच्या इंजिनावर चालली. धूर जायच्या नळकांड्याच्या तोंडावर अप्पांनी पत्र्याचा डबा बसवलेला. इंजिन लागलं की डबा ओरडायचा, पुक्‌ पुक्‌ पुक्‌ पुक्‌! अन्‌ ते ऐकून बाया ज्वारीची डालगी डोक्यावर घेऊन निघायच्या.

पण हँडल मारून मारून अप्पांचा उजवा खांदा कामातून गेला. सदरा घालायचा तरी बायको शिवम्माला बाही धरावी लागायची. शेवटी सोलापूरचा मुलगा रुद्रेश येऊन सोलर बसवून गेला.

"पप्पा, आता नुसतं बटण! ना डिझेल, ना धूर, ना आवाज!"

"बरं झालं बाबा," अप्पा म्हणाले. "लई थकलो."

नवी मोटार माशीसारखी गुणगुणायची. अप्पा स्टुलावर बसून वाट बघायचे. गिऱ्हाईक काही येईना. बसून बसूनही माणूस थकतो, हे त्यांना नव्यानं कळलं.

एक दिवस कस्तुराबाई दिसली. वरच्या गावातल्या गिरणीतनं दळण घेऊन परत येत होती.

"काय मावशी, आमच्या गिरणीनं काय घोडं मारलं तुमचं?"

"आगं बया! चालू हाय व्हय? मग बोंबलत का न्हाय ती? आमच्या गल्लीत तर बोलत्यात, अप्पा अंथरुणाला खिळले!"

"मी खिळलो असतो तर शिवम्मा बोंबलली असती की. तिला कुठं सोलर बसवलंय?"

मावशी हसत हसत गेली. अप्पा हसले नाहीत.

रुद्रेश फोनवर म्हणाला, "पप्पा, पाटी लावा, 'गिरणी चालू आहे'." पाटी लागली. कोण बघतंय? वाडीत गिरणी कानानं बघायची असते.

मग एका सकाळी अप्पांनी जुन्या इंजिनावरचं पोतं काढलं. जात्याचा पट्टा आता मोटारीला. इंजिन नुसतं ओरडायला.

"अय्यो! ह्याच्यासाठी सोलर घातलं का हो?" शिवम्मा कडाडली.

अप्पांनी हँडल मारलं. खांद्यातनं कळ गेली. पुक्‌... पुक्‌ पुक्‌ पुक्‌! घटकाभरात दारात चार डालगी. आत उन्हावर पीठ पडतंय, बाहेर डिझेल बोंबलतंय.

"नव्या मोटारीवर पीठ थंडगार पडतंय की अप्पा!" बाया खूश. अप्पांनी उगीच तेल कशाला जाळा म्हणून इंजिन बंद केलं अन्‌ स्टुलावर टेकले.

टेकतात न टेकतात तोच दारातनं लांब बाभळीपाशी कस्तुराबाई दिसली. डोक्यावर डालगं. ती थांबली. कान दिला. अन्‌ आल्या वाटेनं माघारी वळली.

हाक काही तिथवर पोचणार नव्हती. अप्पा उठले. उजवा हात वर होईना, म्हणून डाव्या हातानं हँडल धरलं.