जानेफळ ते सोनाळा, बांगड्यांसह

जहांगीरमामा बायकांना चेहऱ्यावरून कमी आणि हातावरून जास्त ओळखायचा. जात मण्याराची, धंदा बांगड्या भरण्याचा. जानेफळ आणि भोवतालच्या पंधरा-वीस खेड्यांत कुणाचा पंजा रुंद, कुणाचं मनगट हाडकुळं, कुणाचा हात बाळंतपणानंतर सुजलेला, हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं. रस्त्यात एखादी बाई समोर आली की तो आधी तिच्या हाताकडे बघायचा आणि मग म्हणायचा, “हां, तुमी का?”

माझी आई त्याला दादा म्हणायची, म्हणून तो माझा मामा. मी सांगते आहे ती हकिकत मी जन्मायच्या दोन महिने आधीची, सन अडतीसच्या भादव्यातली. मला ती मामाने, आजोबांनी आणि आईने वेगवेगळी सांगितली. तिघांच्या सांगण्यात जेवढं जुळतं तेवढं खरं धरावं, बाकीचंही सोडू नये असं माझं मत आहे.

मामाने आदल्या वर्षी मेहकरच्या एका मुकादमाची जुनी सायकल घेतली होती. त्याच्या बापाने, फकीर मोहम्मदांनी, आयुष्यभर खांद्यावर बांगड्यांची माळ टाकून पायी गावं केली. पोरगा काच घेऊन सायकलवर बसणार हे ऐकून त्यांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. मामाने जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांत बिस्किटाचा मोठा डबा टांगला, आत सरकी काढलेला कापूस भरला आणि बापाला म्हणाला, आता बघा. सायकल खड्ड्यात गेली तरी डबा वरच्या वर झुलायचा. पहिल्या आठवड्यात चार बांगड्या वाढल्या. दुसऱ्या आठवड्यात एकही नाही. बांगडी फुटली असं आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, आणि मण्याराच्या घरी तर विसरूनही म्हणत नाहीत.

पण खरी गोष्ट अशी की मामाला सायकलचं वेड धंद्यासाठी नव्हतंच. त्याला वारा आवडायचा. पाऊस आवडायचा. उतार दिसला की तो पायडलवरून पाय काढून दोन्हीकडे पसरायचा, तीस वर्षांचा बाप्या माणूस.

तर भादव्यात सोनाळ्याहून पत्र आलं. आईचं, म्हणजे शालूबाईचं, सासर सोनाळ्याला, पार उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी. तिला सातवा लागला होता. ओटी भरायचा दिवस ठरला होता आणि हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. आता आईचा डावा अंगठा लहानपणी झोक्यावरून पडून मोडलेला आणि तसाच मुळातून वाकडा बसलेला. तो आत दुमडायचाच नाही. सोनाळ्याच्या कासाराने प्रयत्न केला, तीन बांगड्या वाढल्या आणि हाताला रक्त आलं. सासूबाईंनी तोंडाने काही म्हटलं नाही, पण सातव्या महिन्यात अशा बांगड्या वाढणं कोणत्या घराला आवडेल? पत्रात आईने एवढंच लिहिलं होतं की जहांगीरदादा इथे असता तर बरं झालं असतं.

पत्र पोचायला उशीर झाला होता. हाती तीन दिवस होते. पाऊस आठ दिवस उघडला नव्हता, बैलगाडीची चाकं आखापर्यंत चिखलात जात होती. माझी आजी, आईची आई रुखमाबाई, ओट्यावर पत्र घेऊन बसली होती. मामा तेव्हा तिथेच बांगड्या दाखवत होता. तो म्हणाला, मी जातो. साठ-पासष्ट मैल आहे, दोन दिवसांत सायकलवर पोचतो. हे म्हणताना त्याचे डोळे असे चमकले की आजीला शंका आली, हा शालूसाठी चालला की रस्त्यासाठी.

तेवढ्यात आतून आबाजी बाहेर आले. आबाजी म्हणजे माझे आजोबा उकंडराव, गावचे पाटील. पन्नाशी उलटलेली, देह भारदस्त, गावात शब्दाला मान. “मीबी येतो,” ते म्हणाले, “सायकलवर.”

त्यांनीही एक सायकल घेतली होती हे सगळ्यांना माहीत होतं. खामगावहून आणली तेव्हापासून ती कोठीत धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली असायची. पण ते रोज पहाटे खळ्यात, कडब्याच्या आड ती शिकत होते हे आजीलासुद्धा माहीत नव्हतं. आजीने विचारलं, मुलीला बघायला एवढी घाई झाली का? आबाजी म्हणाले, मुलीचं काय, मी रस्ता बघायला चाललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमझिम पावसात आबाजींनी सायकल ओट्याला टेकवली, ओट्यावरून बैठकीवर बसले, धोतर खोचलं आणि निघाले. ऐटीत निघाले. वळूनही बघितलं नाही. गावकरी बघतच राहिले. मामा घाईघाईने डबा बांधून मागे लागला आणि मैलभराने त्याने त्यांना गाठलं.

“पाटील, जरा थांबा ना. डब्याची पट्टी ढिली हाय.”

आबाजी थांबले नाहीत. समोर बघत म्हणाले, “जहांगीर, मले चढता येते. उतरता येत नाही.”

मामाला वाटलं पाऊस कानात गेला. मग कळलं की खळ्यात आबाजी रोज उतरायचे ते कडब्याच्या गंजीत घुसून. इथे गंजी नव्हती. दोन्ही बाजूंना पाण्याने भरलेले चर, पुढे साठ मैल. मामाला हसू आवरेना आणि पाटलांसमोर हसण्याची सोय नव्हती. त्याने घोंगडीचं टोक तोंडात धरलं आणि तसाच फर्लांगभर सायकल चालवली. शेवटी आबाजीच म्हणाले, “हास बे, हास. नाहीतर मरशीन.” आणि मग दोघेही असे हसले की दोघांच्या सायकली एकदमच नागमोडी जाऊ लागल्या.

उतरायची पद्धत मग त्यांनी चालता चालता बसवली. मामाने जोरात पुढे जायचं, आपली सायकल झाडाला टेकवायची, डबा नीट आहे बघायचं, आणि दोन्ही हात पसरून रस्त्यात उभं राहायचं. आबाजींनी येऊन त्याच्या अंगावर पडायचं. पहिल्या खेपेला दोघेही चरात गेले. दुसऱ्या खेपेला मामाच एकटा गेला. तिसऱ्या खेपेपासून जमलं. पुन्हा चढायला मात्र मैलाचा दगड किंवा बांध शोधावा लागे, म्हणून दोघेही शक्यतो थांबायचंच टाळत. भाकरीही त्यांनी चालत्या सायकलवर खाल्ली. मामा शेजारी येऊन तुकडा पुढे करायचा आणि आबाजी मान वाकडी करून तो तोंडात घ्यायचे. गावात या माणसाला पाण्याचा तांब्यासुद्धा कुणी वाकून द्यायचं.

देऊळगाव साकर्शा मागे पडलं आणि पुढे घाट आला. आमचा मुलूख वर, खामगाव खाली. मध्ये हा उतार. समोरच्या बैलाचं शिंग दिसणार नाही असं धुकं होतं. ओल्या चाकावर ब्रेक नुसता घसरत होता. मामाला अशा वेळचा एक उपाय माहीत होता. त्याने कडुलिंबाच्या दोन पानगच्च फांद्या तोडल्या आणि दोरीने एकेक सायकलमागे बांधली. फांदी रस्त्यावर ओढत जाते आणि सायकल आवरते. बाभळीची घेऊ नका, ट्यूब जाईल, असंही त्याने समजावलं.

अर्धा घाट छान गेला. दोघे हळूहळू, रस्ता झाडत उतरत होते. मग एका वळणावर आबाजींची गाठ सुटली.

मामा सांगायचा, फांदी माझ्या पायाशी आली तेव्हा पाटील धुक्यात गेले होते. दिसत नव्हते, पण आवाज येत होता. आधी “जहांगीर” असा, मग “बाजूले व्हा” असा, मग नुसताच लांबलचक. खालून गवताचे भारे घेऊन बायका वर येत होत्या. त्यांच्यातल्या तानुबाई नावाच्या म्हातारीने नंतर गावभर सांगितलं की धुक्यातून एक पांढऱ्या मिशांचा माणूस धोतराचा सोगा उडवत हवेतून गेला आणि जाता जाता त्याने तिला रामराम केला. आबाजींचं म्हणणं होतं, हाताला ब्रेक लागत नव्हता, तो हात रिकामाच होता, म्हणून केला.

मामाने आपली फांदी कापली नाही. डब्यात काच होती. तो जिवाच्या आकांताने, पण हळूच, उतरत राहिला. रुखमाबाईंना काय सांगायचं हेच डोक्यात. घाटाच्या तळाशी नाला रस्त्यावरून वाहत होता. तिथे सायकलचं एक चाक पाण्याबाहेर फिरत होतं आणि शेजारी आबाजी कमरेइतक्या गढूळ पाण्यात मांडी घालून बसले होते. पागोटं नव्हतं. मामाने हाक मारली. जवळ गेला तर ते आवाज न करता हसत होते, पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत.

“पाटील, लागलं का?”

“जहांगीर,” आबाजींनी विचारलं, “पुढं आनखी घाट हाय का?”

नाही म्हटल्यावर त्यांचं तोंड उतरलं.

खामगावात ओळखीच्या अडत्याकडे कपडे वाळवले आणि सकाळी पुन्हा निघाले. शेगावपर्यंत रस्ता बरा होता. त्यापुढे काळी माती सुरू झाली. ती माती काय चीज आहे ते ज्याने त्यात पाय घातला त्यालाच ठाऊक. चाक चार हात फिरायचं आणि गच्च व्हायचं. चाकावरच्या चिखलटाळ्यात काठी घालून कोरावं, आणखी चार हात जावं. शेवटी दोघांनी चारही चिखलटाळे काढून पाठीला बांधले आणि सायकली खांद्यावर घेतल्या. ज्वारी डोक्याएवढी वाढलेली, मधून वाट, वर पाऊस, आणि जानेफळचे पाटील अनवाणी, खांद्यावर सायकल, तोंडाने लावणी म्हणत चाललेले. मामाने ती लावणी कधीच कुणाला सांगितली नाही.

पूर्णा नदी ओलांडायला लाकडी डोंगा होता आणि पाणी लाल. इंद्रभान नावाच्या डोंगेवाल्याने सायकली नेतो म्हटलं, पण एवढे जाड पाटील आणि दोन सायकली एकदम नको. आबाजी म्हणाले, आधी डबा जाऊ दे. मग जहांगीर. मग सायकली. मी शेवटी. मामा डबा डोक्यावर धरून डोंग्यात उभाच राहिला. बसला असता तर चाललं असतं, पण त्याला सुचलं नाही.

सोनाळ्यात पोचले तेव्हा दिवस मावळायला थोडा अवकाश होता. आईच्या सासरच्या दारात दोन मातीचे पुतळे उभे राहिले. माझ्या बाबांची आई, सत्यभामाबाई, म्हणाली, भीक उद्या मिळंल, आज घरात कार्याची तयारी आहे. आई मागून आली. तिने चेहरे बघितले नाहीत. मामाच्या हातातला डबा बघितला, आणि मग शेजारच्या पुतळ्याच्या मिशा.

आबाजींनी चार वाक्यं पाठ करून आणली होती, सहज या बाजूला काम होतं अशी. त्यातलं एकही त्यांना आठवलं नाही. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो चिखलाचाच.

आंघोळी झाल्यावर डबा उघडला. तीन डझनांपैकी पाच वाढल्या होत्या. बाकीच्या कापसात हिरव्यागार पडल्या होत्या. बायका भोवती जमल्या. मामाने आईचा डावा हात साबणाच्या पाण्यात भिजवला आणि पंजा दाबत बसला. पण गेल्या खेपेची धास्ती होती, हात लाकडासारखा ताठ. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडापाशी अडली. सत्यभामाबाईने श्वास रोखून धरलेला सगळ्यांना ऐकू आला.

मामाने बांगडी तिथेच ठेवली आणि बोलायला सुरुवात केली. पाटलांना उतरता येत नाही, ते सांगितलं. आई बापाकडे बघू लागली. आबाजी छताकडे. चरात कोण कितीदा पडलं ते सांगितलं. भाकरी कशी खाल्ली ते मान वाकडी करून दाखवलं. आईला हसू फुटलं, पंजा सैल पडला, आणि बांगडी आत गेलेली तिला कळलीही नाही.

मग तसंच चाललं. हसू आलं की एक बांगडी. फांदी सुटली, एक. तानुबाईला रामराम, दोन. शेवटी शेवटी मामाचं सांगणं आटलं तेव्हा आबाजी स्वतःच पुढे सरकले आणि व्याह्यांच्या घरी, सगळ्या बायकांसमोर, आपण नाल्यात कसे बसलो होतो ते बसून दाखवू लागले. सत्यभामाबाईने पदर तोंडात कोंबला. आई म्हणायची, मी पोटात लाथा मारत होते, त्याही हसण्याच्याच धराव्या.

बांगड्या भरून झाल्यावर आई वाकून मामाच्या पाया पडली, तशी रीतच आहे. मामाने तिचा हात एकदा उलटा, एकदा सुलटा करून बघितला आणि म्हणाला, “सुखी ऱ्हाय, बाई.” पण लगेच सोनाळ्याच्या सगळ्या बायका हात पुढे करून बसल्या आणि त्याला रडायला वेळ मिळाला नाही.

ओटीभरण झालं, चार दिवस पाहुणचार झाला. पाचव्या दिवशी आभाळ उघडलं. माझे वडील म्हणाले, गाडी जुंपतो, शेगावपर्यंत आरामात सोडतो. आबाजी नको म्हणाले. दोघे सकाळी निघाले. गावाबाहेर दोन वाटा फुटत होत्या, एक दक्षिणेला घरची आणि एक उत्तरेला डोंगराची. सातपुडा धुऊन ठेवल्यासारखा निळा उभा होता आणि त्यात एक पांढरी रेघ वर चढत गेलेली दिसत होती.

“थो घाट हाय का?” आबाजींनी विचारलं.

“हाव. चढायले दोन तास लागतीन,” मामा म्हणाला. “उतरायचं मी नाही सांगत.”

घरी काय सांगायचं याचा त्यांनी थोडा विचार केला. मग रस्ता वाहून गेला होता असं सांगायचं ठरलं, आणि दोघांच्या सायकली उत्तरेला वळल्या.