शिडीवरची तपासणी

आमची कंपनी इमारतींत वीजजोडणीची कामं घेते. छतातल्या दिव्यांचे डबे आम्ही शेडमध्येच वायरी जोडून तयार करतो आणि साइटवर पाठवतो. या कामाच्या प्रमुख सुनंदाताई. खेप निघण्याआधी त्यातला एक डबा उचलून त्या शेडमधल्या शिडीवर चढतात आणि मान मागे टाकून डोक्यावरच्या फळीला तो स्वतः बसवून बघतात. टेबलावर सगळंच सोपं असतं, असं त्यांचं म्हणणं.

काल वायर चार बोटं कमी पडली. टेम्पो दारात उभा होता. ताई मान चोळत खाली उतरल्या. "सगळे डबे उघडा, वायर लांब घाला."

"ओढून बसतंय की, ताई," मी म्हणालो.

"बसतंय. पण ओढणाऱ्याची मान जाते."

"कुणाची?"

"मला काय माहीत? शिडीवर असेल त्याची."

ज्याचं तोंडही कधी दिसणार नाही, त्याच्यासाठी आपली मान आधी दुखवून घेणारं माणूस मी घरच्यांतही क्वचितच पाहिलंय. आज सकाळी पंख्याचं बटण दाबलं आणि नजर वर गेली. हा बसवणाऱ्याला वायर पुरली असेल का, असा विचार आला, आणि माझा हात नकळत मानेवर गेला.