लेन हुडाकचे ऐंशी यार्ड

लेन हुडाक घरांना पन्हळी बसवायचा. तो शिडीवर चढे आणि खाली त्याच्या बहिणीचा नवरा, नॉर्म टॉम्को, शिडी धरून उभा राही. पण ओहायोतल्या त्या गावात आपल्याला पन्हळीवाला म्हणून कोणी ओळखावं, हे लेनला मंजूर नव्हतं. शाळेत असताना एका शुक्रवारी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात तो चेंडू काखेत मारून सलग ऐंशी यार्ड पळाला होता. त्याला सदतीस वर्षं झाली. लेनची धाप मात्र अजून ओसरली नव्हती, विशेषतः ऐकायला कोणी असलं की.

एप्रिलात मोठे संघ कॉलेजची पोरं निवडतात, त्या संध्याकाळी सारं गाव बंबवाल्यांच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर जमे. आपला संघ चौदा सामने हरला होता, म्हणून निवडायला तिसरा नंबर. हरण्याचं तेवढंच बक्षीस.

लेन नवी जर्सी घालून आला. पाठीवर टेक्सासच्या एका चपळ पोराचं नाव, संघाने त्याला निवडण्याआधीच शिवून घेतलेलं. अशा चार जर्सी घरी होत्या. चारही पोरं भलत्याच गावी खेळत होती.

"लाइनमन घेणार म्हणतात, पुढच्या फळीत अडवणारा," त्याची बहीण मार्ज म्हणाली.

"तिसऱ्या नंबरावर? अगं, लाइनमन करतो काय? चेंडूला हात लावायचा नाही, पळायचं नाही. समोरच्याला ढकलायचं आणि घरी जाऊन जेवायचं. असले जाडे निवडीच्या चौथ्या फेरीत पोत्याने मिळतात, बटाट्यासारखे. आधी पळणारा घ्यावा. माझ्या ऐंशी यार्डांत माझ्यासोबत कोण होतं? मी आणि देव."

नॉर्म शाळेत लेनच्याच संघात लाइनमन होता, बहात्तर नंबरचा. देवाचं नाव निघाल्यावर त्याने पिरोगीच्या उकडलेल्या करंज्यांवर आणखी थोडं आंबट क्रीम घेतलं.

तेवढ्यात नाव पुकारलं गेलं. आयोवाचा, तीनशे वीस पौंडांचा, लाइनमन.

लेन उठून उभा राहिला. "भिंत आणली. घर कुठंय? पायांत दम असला की पुढे कोण उभं आहे याने काही फरक पडत नाही. जिवंत पुरावा तुमच्यासमोर आहे."

"मग बघूच या तो पुरावा," मार्ज म्हणाली. शाळेच्या शताब्दीसाठी जुन्या टेपा फोनवर उतरवायचं काम तिच्याकडे होतं. तिने फोन टीव्हीला जोडला. लेनने कॉलर नीट केली. त्याची ती धाव गावाने आजवर फक्त कानांनी पाहिली होती.

पडद्यावर बहात्तर नंबरचा एक जाडा मुलगा पुढे झाला. त्याने समोरच्याला मिठी मारली आणि कपाट सरकवावं तसा बाजूला सरकवला. मग दुसऱ्यालाही त्याच्यावर रचून स्वतः वर पडला. मधे एवढी वाट झाली की दुधाचा टँकर वळवून घ्यावा. त्या वाटेने लेन आला. स्वतःच्याच पायात अडखळला, सावरला, हेल्मेट सरळ केलं, आणि मग पळाला. आसपास चिटपाखरू नव्हतं. बहात्तर नंबर तेव्हाही दोघांवर पडून होता.

"लेन, माझी आई वॉकर घेऊन गेली असती," बंबवाला गस म्हणाला.

"आणि हेल्मेट सरळ करायला थांबलीही नसती," मार्ज म्हणाली.

हॉल हसून लोळला. लेन खाली बसला. नॉर्मकडे न बघता म्हणाला, "तू कधी बोलला नाहीस."

"बोलायचं काय त्यात? वाटलं, कधीतरी मागे वळून बघशील."

सकाळी लेन गसच्या छपराशी शिडीवर होता. अंगात तीच जर्सी, पाठीवरच्या नावावर चंदेरी चिकटपट्टी मारलेली. तासभर त्याने पन्हळी ठोकल्या. मग त्याला राहवेना.

"पण नॉर्म, तू चौथ्या फेरीतसुद्धा मिळाला असतास."

नॉर्मने शिडीवरचा एक हात काढून खिशातला डोनट घेतला. शिडी जराशी हलली. वर लेनने पन्हळ गच्च धरली.

"बरं, दुसऱ्या."

नॉर्मच्या दुसऱ्या हातालाही खाज सुटल्यासारखं दिसलं.

"पहिल्या," लेन म्हणाला. "पहिल्या फेरीत. धर आता."