वाढदिवसाचं कासव

माझं लहानपण इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, समुद्रकाठच्या एका गावात गेलं. बाबा तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर होते. गावात आमच्याखेरीज मराठी बोलणारं कुणी नव्हतं, आणि आईला तिथलं मनापासून आवडायचं ते फक्त टीव्हीवरचं कासव.

त्या भागापुरतं एक छोटं चॅनेल होतं. संध्याकाळच्या चहाच्या वेळी त्यावर पाच मिनिटं मुलांचे वाढदिवस साजरे व्हायचे. सूट घातलेला निवेदक आलेली कार्डं वाचायचा आणि शेजारचं कापडी कासव, मुलाचं जितकं वय तितक्या वेळा, कवचातून मान बाहेर काढायचं. कासवच ते, त्याला घाई कसली! अकरा वर्षांचं कुणी निघालं की निवेदक चोरून घड्याळाकडे बघायचा आणि आम्ही हसून हसून लोळायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ.

आमच्या वाढदिवसाचं कार्ड आई बरंच आधी पोस्टात टाकायची. त्या दिवशी टीव्हीसमोर पाट मांडायचा, नवे कपडे घालून बसायचं, आणि नाव पुकारलं की आई निरांजनाचं तबक उचलायची. कासवाची मान बाहेर आली की एकदा ओवाळायची, आत गेली की हात थांबायचा. शेवटी टीव्हीलाही ओवाळायची. "अगं, काच तडकेल," बाबा म्हणायचे. "एवढं करतंय बिचारं," आई म्हणायची, आणि कासवाच्या दिशेने चार अक्षता टाकायची.

सहा वर्षांचा व्हायच्या आतच भाऊ गेला. ताप मेंदूत गेला होता. शनिवारी खेळण्यावरून माझ्याशी कडाकडा भांडला आणि मंगळवारी तो नव्हता. त्या तीन दिवसांबद्दल मला अजूनही धड लिहिता येत नाही, आणि खरं सांगायचं तर लिहायचंही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी आईने पुष्कळ दिवसांनी टीव्ही लावला. निवेदकाने एक कार्ड उचललं आणि माझ्या भावाचं नाव घेतलं. आज सहा वर्षांचा झाला, म्हणाला. कासवाने मान बाहेर काढली. बाबा ताडकन उठले.

"काय लोक आहेत! जुनी कार्डं वाचतात?" ते फोनकडे निघाले.

"जुनं नाही," आई म्हणाली. "मी पाठवलंय."

"तू? अगं, तो..."

"त्यांना कुठे माहीत आहे?"

बाबा होते तिथेच उभे राहिले. कासवाची मान आत-बाहेर होत होती. पाट मांडलेला नव्हता, आईच्या हातात तबक नव्हतं. ती पदर मुठीत धरून बघत होती आणि तिचा चेहरा अगदी वाढदिवसाला असायचा तसा होता. मी घाबरून कासवाकडे बघत राहिले. सहाव्यांदा मान आत गेली तेव्हा निवेदक म्हणाला, "मजा कर हं, बाळा."

त्यानंतर दर वर्षी कार्ड गेलं. बाबा त्यावरून पुन्हा कधी काही बोलले नाहीत. फक्त त्या दिवशी हॉस्पिटलातून उशिरा यायचे. मी बारा वर्षांची असताना त्यांना मिशिगनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही ॲन आर्बरला आलो. इथे ते चॅनेल दिसायचा प्रश्नच नव्हता. तरी आईने पहिल्या वर्षी विमानाच्या टपालाने कार्ड पाठवलंच. त्या दिवशी दुपारच्या आतच, तिकडे चहाची वेळ झाली तशी, तिने अर्धवट भाजी टाकून गॅस बंद केला आणि पाच मिनिटं स्वयंपाकघरात नुसती बसून राहिली. कार्ड पोचलं का, कुणी वाचलं का, आम्हाला कधीच कळलं नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात नवी ओळख झालेल्या काकू आईला विचारायच्या, "मुलं किती तुम्हाला?"

"दोन."

"हो का? मुलगा कुठे असतो?"

"तो इंग्लंडलाच राहिला."

यात खोटं काहीच नव्हतं. तिथल्याच मातीत तो होता. ज्यांना सगळं ठाऊक होतं, जे डोळ्यांत पाणी आणून तिचा हात धरायचे, त्यांच्याकडे जायला मात्र तिला नको असायचं. मी एकदा फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "त्यांच्या घरात तो मेलेला असतो गं."

बाबा आधीच गेले होते. गेल्या दिवाळीनंतर आईही गेली. आता त्याला ओळखणारी मी एकटी उरले आहे, आणि मला तर सगळं माहीत आहे. हे दुःख कुणाला सांगायचं? सांगितलं की ऐकणाऱ्यालाही कळणार.

परवा त्याचा वाढदिवस होता. रस्त्याकडेला बर्फाचे काळे ढिगारे, आभाळ तसलंच. मी दूध आणि कोथिंबीर आणायला ग्रोसरीत गेले आणि बेकरीच्या काउंटरपाशी थांबले. का थांबले ते सांगता येणार नाही. केसांवर जाळी बांधलेली एक कॉलेजातली मुलगी पुढे आली. मी एका छोट्या केककडे बोट दाखवलं.

"काय लिहू यावर?" तिने विचारलं.

मी नाव सांगितलं. तिने अक्षरं विचारून घेतली, जीभ दातांत धरून सावकाश लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत ते नाव परक्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"किती वर्षांचा झाला?"

खरं तर त्याची आता पन्नाशी उलटली असती.

"सहा," मी म्हणाले.

"अरे वा! मग मेणबत्त्या हव्यातच." तिने सहा मोजून पिशवीत टाकल्या. "त्याला माझ्याकडून हॅपी बर्थडे सांगा हं."

"सांगते," मी म्हणाले.

मागे लोक खोळंबले होते. पण तिला काहीच माहीत नव्हतं, आणि मला तिथून हलवेना.