मागचं दार

आमच्या उज्जैनच्या मराठी मंडळाने यंदा गणपतीसमोर फौजेची झांकी करायचं ठरवलं आणि गाडी बनवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. मी फौजेत बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या होत्या. मी अट एकच घातली: फौज कुठल्याही देशाची नको, मनातलीच असू दे. झेंडा नाही, नंबर नाही. जवानांना थेट लढाईत घेऊन जाणारी आठ चाकांची अवजड चिलखती गाडी, वर तोफ आणि मागे रुंद दार.

बाकी सगळं प्लायवुड आणि पत्रा. तोफ म्हणजे पाण्याचा पाइप. दार मात्र मी खरं केलं. आतून एका हाताने खटका दाबला की धाडकन खाली पडायचं. मनासारख्या बिजागऱ्यांसाठी देवास गेटच्या भंगारवाल्याकडे चार चकरा मारल्या. बायको म्हणाली, "झांकीच्या दाराला एवढं कोण करतं?" मी करतो.

फौजेत असताना माझ्या दोस्ताने एका सकाळी सांगितलं होतं, गाडीचं मागचं दार जड जातंय. मी म्हणालो, दुपारी बघतो. दुपारच्या आतच सरावात ती गाडी नाल्यात कुशीवर उलटली. पुढचे दोघे वरच्या झाकणातून निघाले. तो मागे होता, आणि दार उघडलं नाही. चौकशीत मला कोणी एका शब्दाने विचारलं नाही, याचा मला आजही संताप येतो. त्यांचा येतो आणि माझाही.

स्थापनेच्या दिवशी दुपारी मंडपात गेलो. नवी गाडी म्हणून तिची रीतसर पूजा झाली होती. पुढे कुंकवाचं स्वस्तिक, आठ चाकांखाली आठ लिंबं, गाडीला काही होऊ नये म्हणून. आणि मागच्या दारावर देणगीदारांचा फ्लेक्स, चारी बाजूंनी तीन-तीन इंची खिळ्यांनी ठोकलेला. दार चौकटीला पक्कं जखडलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे कोणी बंद केलं?"

मंडळाचा तरणा अध्यक्ष हसला. "काका, तुम्ही फालतूमध्ये गरम होऊन राहिलेत. फ्लेक्सला दुसरी सपाट जागाच नव्हती. झांकीच तर आहे. आत कोण बसलंय?"

लिंबं मोजून आठ ठेवायला यांना सुचतं. आतला माणूस बाहेर कसा येणार, हे एकाला सुचत नाही.

मी पक्कड काढली आणि सगळ्यांसमोर एकेक खिळा उपटला. फ्लेक्स फाटला. देणगीदार काय म्हणतील, असं अध्यक्ष बोलत राहिला. मी आत जाऊन बसलो, बाहेरच्यांना दार लावायला सांगितलं आणि खटका दाबला. दार धाडकन पडलं. उजेड थेट आत आला.

"झालं समाधान, काका?"

"नाही," मी म्हणालो. "हे सकाळीच बघायला हवं होतं."