पुलाच्या अलीकडे

आमची गल्ली माझ्या मामाला मुराळी म्हणायची, आणि त्यात कौतुकापेक्षा चेष्टाच जास्त होती. सणाला बहिणीला सासरहून माहेरी आणायला जातो तो मुराळी. मामाची बहीण, म्हणजे माझी आई, निजामाबादचं सासर कायमचं सोडून जालन्याला त्याच्याकडे आली होती. घटस्फोटाचा दावा चालू होता. तरी हा गडी दर दिवाळीला आणि उन्हाळ्यात त्याच घरी जाऊन पोचायचा. आता सोबत बहिणीऐवजी भाची असायची, म्हणजे मी. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "बहिणीचं सासर तुटलं असंल. पोरीच्या बापाचं घर थोडंच तुटलं?"

एवढं बोलणंही त्याच्या मानाने जास्त होतं. एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीसमोर उभं राहून तो घरी यायचा तेव्हा जीभ उचलायचीही त्याच्यात ताकद नसायची. पाणी प्यायचा, भिंतीला पाठ लावायचा आणि आईचं ऐकत बसायचा. आईकडे सांगण्यासारखं कोर्टाशिवाय काही उरलंच नव्हतं.

माझं लहानपण तारखांत गेलं. आईने दावा जालन्यात लावला, बाबांनी निजामाबादेत. इकडच्या तारखेला ते यायचे नाहीत, तिकडच्या तारखेला आई जायची नाही. दोन राज्यं, दोन वकील, आणि मधे मी. अखेर दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने तिकडचा दावा इकडे पाठवला, तोवर मी लिहाय-वाचायला शिकले होते. जजसाहेबांनी मला आत बोलावून बिस्कीट दिलं आणि कुणाकडे राहायचं ते विचारलं. मी म्हणाले, मामाकडे.

घटस्फोटाचं भिजत राहिलं, पण माझ्या ताब्याचा निकाल आधी लागला, तोही दोघांच्या मधून. ताबा आईकडे; दिवाळीची आणि उन्हाळ्याची अर्धी सुट्टी बाबांकडे; बाबांनी जालन्याला येऊन न्यावं आणि आणून सोडावं. बाबा आले नाहीत. जालन्याच्या कोर्टाच्या आवारात चारचौघांत झालेली शोभा त्यांच्या डोक्यातून जाईना. आई म्हणाली, "न्हाई आले तर बरंच झालं. आपुन कशाला पाय झिजवायचे?" वकिलांचंही तेच म्हणणं पडलं. कायद्याने आमची काहीच चूक नव्हती. फक्त मला बाप उरला नसता.

मामाने पाळी बदलून घेतली आणि माझी पिशवी भरली. "कोर्टानं त्यांला यायला सांगितलंय," तो आईला म्हणाला, "मला जायला मना थोडीच केलंय?"

गाडीत तो शांत असायचा. परभणी, नांदेड, धर्माबाद मागे पडलं, की भाकरीचं फडकं बांधून ठेवायचा आणि म्हणायचा, "माय, काय बोलायचं ते बोलून घे. पूल येऊन राह्यला." बासरच्या पुढे गोदावरीवर लांबलचक पूल आहे. जाताना आईने बाबांविषयी जे काही कानात भरलं असेल आणि येताना तिकडे आईविषयी जे ऐकलं असेल, ते सगळं पूल यायच्या आत मामाला सांगून टाकायचं. पलीकडे न्यायचं नाही. तो कुणाची बाजू घ्यायचा नाही. "बरं," म्हणायचा, "मंग?" म्हणायचा. एकदा माझं सांगणं काही केल्या संपेना, तर डोळे चोळत म्हणाला, "गाडी जरा लेट असती तर बराबर झालं असतं."

निजामाबादला तो मला दारात सोडून वळायचा नाही. मुराळी उपाशी माघारी गेला तर त्या घराला बोल लागतो, हे त्याच्या आईने त्याला शिकवलेलं. म्हणून आत जाऊन बसायचा, आजीने, म्हणजे बाबांच्या आईने वाढलेलं जेवायचा. परत निघताना तीही जुन्या सवयीने पुरणपोळ्यांची शिदोरी बांधून द्यायची. तो ती मुकाट्याने जालन्याला आणायचा, आणि आई मुकाट्याने गायीपुढे ठेवायची.

मग घटस्फोटाच्या एका तारखेला बाबांचे वकील उठले आणि म्हणाले, बाईंचा छळ झाला म्हणता, मग बाईंचे सख्खे भाऊ आमच्याकडे पाट मांडून जेवतात कसे, शिदोरी नेतात कशी? बाहेर आल्यावर आई पायरीवरच बसली. "दादा," ती म्हणाली, "त्यांचं मीठ खाऊन तू माझी केस पाडली." त्यानंतर कितीतरी दिवस आई त्याच्याच घरात राहून त्याच्याशी बोलली नाही.

आता हा जाणं सोडणार असं मला वाटलं. दिवाळी आली, त्याने पिशवी भरली. तिकडे आजीने ताट वाढलं तेव्हा मात्र हात जोडले. "आज उपास हाय, मावशी." कधी सोमवार, कधी एकादशी, एकदा तर बुधवारचा उपास सांगून बसला. आजी काय ते समजली आणि केळं आणून पुढे ठेवलं. ते त्याने माझ्या हातात दिलं. नंतर स्टेशनच्या बाकावर बसून तो घरून आणलेली वाळकी भाकरी खाणार, हे मला ठाऊक होतं. त्याच्या त्या उपासांचा मला फार राग यायचा आणि त्याची फार मायाही यायची.

घटस्फोट शेवटी राजीखुशीने झाला. जिंकलं कुणीच नाही. सगळे दमले होते, म्हणून सह्या झाल्या.

मी दहावीत असताना मामाचे गुडघे गेले. मी म्हणाले, एकटी जाते. तो नको म्हणाला आणि सगळ्यांसमोर बाबांना फोन लावला. घटस्फोटानंतरही तो त्यांना दाजीच म्हणायचा. "दाजी, माझे पाय बसले. आता तुमची बारी. न्हाई आलात तर मी पोरीला काही सांगनार न्हाई. पन ती इचारील."

बाबा आले. फाटकाबाहेर उभे राहिले, आत यायला काही धजेनात. मामा भिंत धरत धरत त्यांच्यापाशी गेला, खालच्या आवाजात काही बोलला. आईने तांब्याभर पाणी आणून फाटकाच्या खांबावर ठेवलं आणि वर न बघता आत गेली. बाबा उभ्यानेच ते प्याले. त्या दिवसापासून ते येत राहिले, पण गाडीत गप्प बसायचे. त्यांना बोलण्यासारखं काही नाहीच, अशी मी समजूत करून घेतली होती.

गेल्या हिवाळ्यात मामा गेला. दहाव्याला बाबा आले. निजामाबादच्या थकलेल्या आजीला मला भेटायचं होतं, म्हणून मी त्यांच्यासोबतच निघाले. नांदेड सोडलं आणि बाबा आपणहून बोलायला लागले. आईचं बोलले, कोर्टाचं बोलले. "तुझ्या मामाच्या जेवणाचं वकिलाला मीच सांगितलं होतं. इरेला पेटलो होतो. अन् तो माणूस पुन्हा माझ्या दारात पाण्यावर बसून राहिला." पुढेही बरंच होतं. एकाएकी ते थांबले, खिडकीबाहेर बघून म्हणाले, "जाऊ दे. पूल आला."

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. "तुम्हाला कसं माहीत?"

"त्यानंच सांगितलं. पहिल्यांदा तुला न्यायला आल्तो ना, तेव्हा फाटकाशी. म्हणला, दाजी, मनात लई असंल. बोलायचंच झालं तर पुलाच्या अलीकडं बोला. पलीकडं नका नेऊ." बाबांनी चष्मा काढून पुसला. "आजवर मला अलीकडं सुरुवातच करता आली न्हाई."

गाडी पुलावर चढली. आईचं गाऱ्हाणं, बाबांचं गाऱ्हाणं, सगळं मागे राहिलं. मामा गेल्याचं दुःख तेवढं मी पलीकडे नेलं. ते ज्याला सांगून मोकळं व्हायचं, तोच नव्हता.